नॅपकिन आणि टिश्यू कागदाची फुलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावण लागला की हे प्रश्न सुरू होतात. मखर, तोरण, मंगळागौरीची सजावट, डोहाळजेवणाचा झोपाळा, मुलांचा वाढदिवस, निमित्त वेगळं असलं तरी प्रश्न साधारण तेच. म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. घाई असेल तर कागदाबद्दलचं उत्तर आणि फूल उघडण्याबद्दलचं उत्तर तेवढं वाचा, बाकीचं हातात कागद आल्यावर वाचलं तरी चालेल.

सुरुवात कोणत्या कागदाने करू?

भेटवस्तूच्या पिशवीत भरतात तो पातळ रंगीत टिश्यू कागद. पहिलं फूल यातच करा. साधारण ५० बाय ७० सेंटिमीटरचे ताव मिळतात. कागद इतका हलका असतो की आठ-दहा पदर एकावर एक ठेवले तरी घडी बसते आणि सोडल्यावर प्रत्येक पदर स्वतंत्र उभा राहतो. कडेला उजेड आला की पाकळी अर्धपारदर्शक दिसते, आणि हे जाड कागदात कधीच होत नाही.

पेपर नॅपकिन त्याहून मऊ. जेवणावळीला ठेवतात ते साधारण ३३ सेंटिमीटरचे चौकोनी नॅपकिन बहुधा दोन पदरी असतात. सगळ्या घरांत असतात, स्वस्त असतात, पण ताठपणा कमी. त्यांची फुलं गुबगुबीत आणि मॅट दिसतात. भिंतीवर लावायला, टेबलावर ठेवायला छान, लोंबत्या माळेला तितकी नाहीत.

क्रेप कागद वेगळाच प्रकार. त्याला बारीक सुरकुत्या असतात आणि तो ताणला जातो, त्यामुळे पाकळीला खोलगटपणा देता येतो. जास्वंद, गुलाब, कमळ खऱ्यासारखं हवं असेल तर क्रेपला पर्याय नाही.

पतंगाचा कागद कुरकुरीत असतो. पताका आणि झिरमिळ्यांसाठी उत्तम, पण चुण्या केल्यावर घडीवर फाटतो, त्यामुळे फुलांसाठी मी तो सुचवत नाही. घोटीव कागदाचंही तेच, शिवाय त्याची मागची बाजू पांढरी असते आणि फूल उघडलं की ती डोळ्यांत खुपते.

साधं गोल फूल कसं करायचं? अगदी पहिल्यापासून सांगा.

आठ पदर घ्या. कडा नीट जुळवा. आता एका बाजूने पंख्यासारख्या घड्या घालत जा, एक पुढे, एक मागे. प्रत्येक घडी नखाने दाबून पक्की करा. शेवटी हातात एक लांबट पट्टी येईल. तिच्या बरोबर मध्यावर दोरा किंवा बारीक तार बांधा. घट्ट बांधा, पण कागद पार आवळला जाईल इतकं नको, नाहीतर मधला भाग गोळा होतो आणि पाकळ्या एकाच बाजूला पडतात. मग पट्टीची दोन्ही टोकं कात्रीने कापा आणि पदर उघडायला घ्या.

दोन मापं लक्षात ठेवली की कोणत्याही आकाराचं फूल जमतं. घडी घातल्यावर पट्टी जितकी लांब, साधारण तितका फुलाचा व्यास. आणि घडी जितकी रुंद, तितकी पाकळी रुंद. ५० बाय ७० चा ताव असेल तर घड्या ५० च्या बाजूला समांतर घाला. पट्टी ५० सेंटिमीटर लांब होते आणि ७० ची बाजू चुण्यांमध्ये जाते. साडेतीन सेंटिमीटरची घडी धरली तर वीस चुण्या पडतात आणि फूल भरगच्च होतं. उलटं केलंत तर फूल मोठं होईल, पण विरळ दिसेल. नॅपकिन चौकोनीच असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही, अडीच सेंटिमीटरच्या घडीला साधारण तेरा चुण्या येतात.

टोकं कशी कापली की कोणतं फूल होतं?

अर्धगोल कापलं की डेलियासारखं मऊ, भरलेलं फूल. दोन्ही बाजूंनी तिरकं कापून टोकदार केलं की शेवंतीकडे झुकतं, आणि घडी दीड सेंटिमीटरपर्यंत अरुंद ठेवली तर जास्तच. नागमोडी कात्रीने कापलं, किंवा टोकाला एक-दीड सेंटिमीटर खोल बारीक चिरा दिल्या, की झेंडू. काहीच न कापता सरळ सोडलं तर फूल चौकोनी, बोथट दिसतं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. कात्री हातात घेण्याआधी बाजारातून त्याच जातीचं एक खरं फूल आणा आणि ते उकलून बघा. झेंडूच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या आणि आतल्या लहान होत जातात. शेवंतीच्या मधल्या पाकळ्या आत वळलेल्या असतात. जास्वंदीची प्रत्येक पाकळी एका बाजूने शेजारणीवर चढलेली आणि दुसऱ्या बाजूने शेजारणीखाली गेलेली असते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की कागदाचं फूल आपोआप सुधारतं. पन्नास व्हिडिओ बघून जे कळत नाही, ते दहा रुपयांच्या फुलांतून कळतं.

पदर उघडताना कागद फाटतो. काय करू?

फूल घडतं ते याच टप्प्यावर, आणि घाई होते तीही इथेच.

पाकळीची कड धरून ओढू नका. डाव्या हाताच्या चिमटीत फुलाची मान, म्हणजे बांधलेला मधला भाग, धरा. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पदराच्या मुळाशी, गाठीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं न्या, आणि तिथून पदर वरच्या दिशेने सरकवत उभा करा. पदर सुटत नसेल तर चुण्यांच्या मधे हलकी फुंकर मारा. कडा वेगळ्या होतात आणि बोट घालायला जागा मिळते. एका बाजूचा पहिला पदर, मग समोरच्या बाजूचा पहिला, असं आळीपाळीने जा. एकच बाजू पूर्ण उघडलीत तर फूल कलतं.

सगळ्यात वरचा पदर अगदी सरळ उभा, मधले तिरके, खालचे दोन जवळजवळ आडवे. इतका फरक ठेवला की फुलाला खोली येते. भिंतीला चिकटवायचं असेल तर सगळे पदर एकाच बाजूला उचला. टांगायचा गोंडा हवा असेल तर अर्धे वर आणि अर्धे खाली.

हात कोरडे हवेत. क्रीम लावलेलं असेल तर धुऊन या. घामट हातांना थोडी टाल्कम पावडर चोळली तरी बराच फरक पडतो, आणि पंखा बंद ठेवा.

नॅपकिनचे पदर सुटे करावे का?

करावेत. दोन पदरी नॅपकिन तसाच वापरला तर फूल बोजड होतं. चारही कडांना ठिपक्यांची नक्षी दाबलेली असते, तिनेच पदर एकमेकांना धरलेले असतात. ती अर्धा सेंटिमीटरची किनार कापून टाका, पदर अलगद सुटतात. तीन नॅपकिनमधून सहा पदर निघतात आणि लहान फुलाला तेवढे पुरतात, चार घेतले तर आठ पदरांचं भरगच्च फूल होतं. म्हणजे शंभरच्या पाकिटातून भरगच्च फुलं पंचवीस.

छापील नॅपकिनमध्ये नक्षी फक्त वरच्या पदरावर असते, खालचा पांढरा निघतो. तो फेकू नका. छापील पदर बाहेर आणि पांढरे आत ठेवले की सुंदर छटा येते.

डब्यातले चेहरा पुसायचे टिश्यू किंवा टॉयलेट रोल चालेल का?

डब्यातले टिश्यू मोगऱ्यासारख्या लहान पांढऱ्या फुलांना चालतात. पाच-सहा सेंटिमीटरचे चौकोन कापा, फूल बांधा, आणि हवं तर उघडण्याआधी घडीच्या कडेवरून स्केचपेन एकदा फिरवा. उघडल्यावर प्रत्येक पाकळीला बारीक गुलाबी किनार आलेली दिसते. मुलांना हा भाग फार आवडतो.

टॉयलेट रोल तांत्रिकदृष्ट्या चालतो, पण देवाच्या मखरात तो वापरलेला घरातल्या वडीलधाऱ्यांना खटकतो, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. सरावाला वापरा.

नॅपकिनचा गुलाब आणि कमळ ताटाजवळ ठेवतात, ते कसं?

गुलाबाला गोंद, दोरा काहीच लागत नाही. नॅपकिन पूर्ण उलगडा. वरची कड चार-पाच सेंटिमीटर खाली दुमडा. दुमडलेली कड वर ठेवून दोन बोटांभोवती सैलसर गुंडाळत जा. गुंडाळी झाली की दुमडीच्या लगेच खाली चिमटीत घट्ट धरा आणि तिथून खाली पीळ द्यायला सुरुवात करा. हा देठ. अर्ध्यावर आलात की नॅपकिनचं खालचं बाहेरचं टोक शोधा, ते वर ओढून घ्या, पान होतं. मग उरलेला पीळ पुरा करा. शेवटी वरची कड बोटाने थोडी बाहेर वळवली की गुलाब उमलल्यासारखा दिसतो.

कमळाला ताठ नॅपकिन हवा, मऊ घेतलात तर उभं राहत नाही. उलगडलेल्या चौकोनाचे चारही कोपरे मध्याला आणा. पुन्हा एकदा चारही कोपरे मध्याला. आता सगळं उलटं करा आणि पुन्हा कोपरे मध्याला. मधोमध पेला किंवा बोट दाबून ठेवा आणि प्रत्येक कोपऱ्याच्या मागे लपलेलं टोक पुढे ओढून कोपऱ्यावर चढवा. चार पाकळ्या झाल्या. मग दोन पाकळ्यांच्या मधल्या जागेखाली जे टोक उरतं, तेही वर ओढा. मधल्या खोलगट जागेत वाटी बसते. हळदीकुंकवाला तिळगूळ ठेवायला किंवा पंगतीत मोदक वाढायला हे कमळ शोभतं.

बाप्पासाठी जास्वंद करायची आहे.

लाल क्रेप घ्या. पाकळीचं माप साधारण सात सेंटिमीटर उंच, पाच रुंद, आणि अशा पाच पाकळ्या. क्रेपच्या रेषा पाकळीत उभ्या, म्हणजे बुडापासून टोकाकडे जायला हव्यात. आडव्या गेल्या तर पाकळी ताणलीच जात नाही. वरची कड दोन्ही चिमटींनी हलकी ओढली की लाटा पडतात. मधला भाग दोन्ही अंगठ्यांनी बाहेरच्या बाजूला दाबा, तिथे खळगा येतो.

मधला लांब परागदांडा नीट जमला की ही जास्वंद आहे हे दुरूनही ओळखू येतं. आठ-नऊ सेंटिमीटर तारेला लाल क्रेपची अरुंद पट्टी गुंडाळा. वरच्या अर्ध्या भागात पिवळ्या दोऱ्याचे बारीक तुकडे फेव्हिकॉलने चिकटवा, अगदी टोकाला लाल कागदाचे पाच ठिपके. पराग म्हणून हळद लावलेला रवा चिकटवायची युक्ती बरेच जण सांगतात. दिसतो झकास, पण फुलं पुढच्या वर्षासाठी ठेवायची असतील तर टाळा, मुंग्या आणि किडे हमखास लागतात.

पाकळ्या दांड्याभोवती एक-एक करून लावा, प्रत्येकीची एक कड आधीच्या पाकळीवर चढवत. शेवटच्या पाकळीची दुसरी कड पहिलीखाली सरकवा. देठाजवळ हिरव्या क्रेपची लहान वाटी गुंडाळली की झालं.

तार कोणती? तारेशिवाय जमतं का?

फुलांची तार गेजवर मिळते. आकडा मोठा तितकी तार बारीक. मान बांधायला २४ किंवा २६, उभ्या देठाला १८ किंवा २०. पण तार लागतेच असं नाही. खराट्याचा हीर हा सुंदर देठ आहे, ताठ, हलका आणि घरचा. भिंतीवरच्या फुलांना दोरा पुरे. लहान मुलं हाताळणार असतील तर मी दोराच घ्यायला सांगते, कारण तारेचं कापलेलं टोक बोटात जातं. तार वापरलीच तर टोक पकडीने वळवून त्यावर कागद गुंडाळा.

देठावर गुंडाळायची हिरवी फ्लोरल टेप सुटी असताना चिकट वाटत नाही, म्हणून पुष्कळांना ती खराब वाटते. ती ताणत गुंडाळली की चिकटते. न मिळाल्यास हिरव्या क्रेपची एक सेंटिमीटरची पट्टी आणि थोडा गोंद.

गोंद लावला की कागद ओला होऊन रंग सुटतो.

गोंद पातळ करून वापरू नका. टिश्यूला ग्लू स्टिक सर्वात बरी. फेव्हिकॉल वापरायचा तर काडीच्या टोकावर ठिपका घ्या आणि मिनिटभर वाळू द्या, मग कागद टेकवा. घरची खळ क्रेपला आणि पताकांना छान चालते, मात्र ती वाळायला वेळ लागतो आणि साठवणीत कसर लागते. ग्लू गन पटकन काम करते, पण ती मोठ्यांच्याच हातात असू द्या.

पावसाळ्यात फुलं दोन दिवसांत मलूल पडतात. उपाय?

मुंबई, कोकण, गोवा, सगळीकडची हीच तक्रार, आणि भाद्रपदात ती येणारच. कागद हवेतला ओलावा शोषतो, तंतू फुगतात आणि ताठपणा जातो. फवारे मारून हे थांबत नाही. केसांवरचा स्प्रे मारायचा सल्ला ऐकला असेल, तो अजिबात ऐकू नका, तो ज्वलनशील असतो.

जे उपयोगी पडतं ते असं. घड्या घालणं, बांधणं, कापणं आधी उरका, पण फुलं मिटलेलीच ठेवा. हवाबंद पिशवीत, सोबत नव्या बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकून. फुलं उघडायची ती प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री. नेहमीपेक्षा दोन पदर जास्त घ्या, एकमेकांना आधार देतात. टांगण्यापेक्षा पाठीला कार्डशीटची चकती लावून पार्श्वभूमीला चिकटवा. दहा दिवसांचा गणपती असेल तर पुढच्या रांगेतली पाच-सहा फुलं जास्तीची बांधून ठेवा आणि मधेच बदला. दीड दिवसाच्या गणपतीला यातलं काहीच लागत नाही.

पोर्तुगालमध्ये कांपू मायोर नावाचं गाव आहे. तिथले लोक अख्ख्या गल्ल्यांवर कागदी फुलांचं छत घालतात. दर वर्षी नाही, गावाने ठरवलं की त्या वर्षी. प्रत्येक गल्ली आपली फुलं शेजारच्या गल्लीपासून लपवून करते आणि एका रात्रीत सगळी वर चढवते. या उत्सवाला २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. तिथे हे उघड्यावर शक्य होतं, कारण त्या भागातला उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. आपल्याकडे असं काही करायचं मनात असेल तर चैत्र-वैशाखातलं लग्नकार्य बघा.

दिवा, समई, आरती… आगीची भीती किती धरायची?

पूर्ण धरायची. टिश्यू कागद क्षणात पेटतो, आणि उघडलेल्या फुलात पदरांमध्ये हवा खेळत असल्याने आग फार वेगाने पसरते. समई, निरांजन, उदबत्ती यांच्यापासून सगळ्या बाजूंनी किमान हातभर अंतर, आणि ज्योतीच्या थेट वर काहीच टांगायचं नाही. आरतीचं तबक गोल फिरतं, ते फिरवून बघा आणि त्या घेराच्या बाहेरच फुलं लावा. कापूर पेटवण्याची जागा आधी ठरवून ठेवा. पंख्याने फूल उडून ज्योतीकडे जाऊ शकतं, म्हणून समईजवळची फुलं दोन ठिकाणी बांधा. रोषणाईला एलईडीच्या माळा वापरा, गरम होणारे जुने बल्ब कागदाला टेकू देऊ नका. मेणात बुडवलेली क्रेपची फुलं पाण्याला टिकतात, दिसतातही चकचकीत, पण मेण म्हणजे इंधन. देवघराजवळ ती नकोतच.

अखंड दिवा असेल तर त्या बाजूला कागदी सजावट करूच नका. तिथे केळीचे खांब, आंब्याचे डहाळे लावा.

कागदी फुलं देवाला वाहिली तर चालतात का?

माझं मत स्पष्ट आहे. वाहायचं फूल खरं असावं, मग ते अंगणातलं एकच का असेना. कागदी फुलं मखराला, कमानीला, भिंतीला. शिवाय व्यवहाराचा मुद्दाही आहे. लाल आणि गर्द निळ्या टिश्यूचा रंग ओलाव्याने सुटतो, मूर्तीवर पंचामृताचा किंवा पाण्याचा थेंब असला तर डाग पडतो. शाडूच्या मूर्तीवरून तो निघत नाही.

आपल्याकडे कृत्रिम फुलांची परंपरा जुनीच आहे. नवरदेवाचं बाशिंग भेंडाचं करतात, पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतीच्या पांढऱ्या, हलक्या गाभ्याचं. बंगालात त्याच जातीच्या वनस्पतीला शोला म्हणतात आणि नवरदेवाचा टोपर म्हणजे मुकुट, दुर्गापूजेची सजावट त्यातून होते. म्हणजे सजावटीला हाताने घडवलेलं फूल आपल्याला मुळीच परकं नाही.

थर्माकोलऐवजी लोक कागदाकडे कधीपासून वळले?

कागदी फुलं त्याआधीही होतीच, पण मोठा बदल २०१८ मध्ये झाला. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली. त्या वर्षीच्या गणेशोत्सवापुरती तरी थर्माकोलच्या मखरांना सूट मिळावी, अशी विनंती उच्च न्यायालयात झाली, ती मान्य झाली नाही. तेव्हापासून पुठ्ठा, कापड आणि कागद यांचं काम वाढलं, आणि मला ते मनापासून आवडलं. थर्माकोलचं मखर विकत आणायचं असे, कागदाचं घरच्या सगळ्यांनी मिळून करायचं असतं.

दाराच्या तोरणाला किती कागद लागेल?

तीन फुटी दार धरू. दहा सेंटिमीटरचा चौकोन, आठ पदर, दोन्ही बाजूंनी उघडलं की सात-आठ सेंटिमीटरचा झेंडूचा गोंडा होतो. थोडा झोल धरून पंधरा गोंडे लागतील. ५० बाय ७० च्या तावातून असे पस्तीस चौकोन निघतात, म्हणजे चार गोंडे. चार ताव आणा, दोन केशरी, दोन पिवळे. मधे आंब्याची खरी पानं ओवली तर गोंडे दहाच पुरतात, आणि तोरण कितीतरी जिवंत दिसतं. पानं वाळली की बदलायची, गोंडे तेच.

डोहाळजेवणाला फुलांचे दागिने करता येतील?

येतील, आणि वजनाला काहीच नसल्याने ते दिवसभर अंगावर त्रास देत नाहीत. पण घामाने रंग सुटतो हे विसरू नका. अंगाला लागणारा भाग पांढऱ्या किंवा फिक्या कागदाचा ठेवा, गर्द रंग वरच्या थरात. मागे साडीच्या काठाची किंवा सॅटिनची पट्टी लावा. तारेचं एकही टोक उघडं नको. वेणीत माळायला मात्र खरा गजराच आणा, सुवासाशिवाय गजऱ्याला अर्थ नाही.

घरच्या घरी कागद रंगवता येतो का?

चहाच्या पाण्याने जुन्या हस्तिदंतासारखी छटा येते, ती टिकतेही बरी. हळदीचा पिवळा पहिल्या दिवशी देखणा दिसतो, पण उन्हाने झपाट्याने उडतो आणि साबणाचा हात लागला तर तिथे लाल होतो. खायच्या रंगाचं पाणी करून मिटलेल्या, न उघडलेल्या फुलाचं फक्त टोक त्यात टेकवा. रंग वर चढत जातो आणि कड गर्द, मध्य फिका असं फूल होतं. पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे निदान रात्रभर, उघडू नका.

कोणत्या वयाची मुलं हे करू शकतात?

चार-पाच वर्षांची मुलं घड्या दाबतात, फुंकर मारतात, मोठे पदर उघडतात. कात्री सात-आठच्या पुढे. कार्यानुभवाच्या तासाला पूर्ण वर्गाकडून करून घ्यायचं असेल तर नॅपकिन, दोरा आणि गोल टोक एवढंच ठेवा, एका तासात प्रत्येकाचं फूल होतं.

सामान कुठे मिळेल?

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि शेजारची अब्दुल रहमान स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी. लहान गावांत स्टेशनरीच्या दुकानात ‘भेटवस्तूचा पातळ कागद’ म्हणून विचारा. रंग उजेडात नेऊन बघा आणि ओल्या बोटाने कोपरा चोळून बघा, रंग लगेच बोटाला आला तर गर्द छटा घेऊ नका. अमेरिका-कॅनडातल्या मंडळींना डॉलर स्टोअरमध्ये भेटवस्तूंच्या पिशव्यांजवळच टिश्यूचे गठ्ठे मिळतात. तिथले गोल पांढरे कॉफी फिल्टरही रंग छान शोषतात आणि चुण्या न घालताच पाकळीसारखे वळतात.

पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतात का?

क्रेपची फुलं हो, पुठ्ठ्याच्या खोक्यात एकाच थरात, अंधाऱ्या कोरड्या जागी, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला. टिश्यूची फुलं पुन्हा पहिल्यासारखी मिटत नाहीत. त्यातली चांगली निवडून सुकलेल्या पदरांच्या जागी एखादा नवा पदर घालता येतो, पण नॅपकिनची फुलं ठेवायच्या भानगडीत पडू नका.

विसर्जनानंतर त्यांचं काय करायचं?

मूर्तीबरोबर पाण्यात सोडू नका आणि निर्माल्य कलशातही टाकू नका. निर्माल्याचं खत होतं, त्यात तारा आणि रंग गेले तर ते बिघडतं. आधी तारा, दोरे, चिकटपट्ट्या काढा. तारा सरळ करून ठेवल्या की पुढच्या वर्षी कामी येतात. टिश्यू आणि नॅपकिन रद्दीवाला सहसा घेत नाही, त्यांचे तंतू फार आखूड असतात. बिनरंगी किंवा फिका कागद फाडून घरच्या खताच्या कुंडीत ओल्या कचऱ्यावर थर म्हणून घालता येतो, ओलावा शोषून तो वासही कमी करतो. गर्द रंगाचा कागद सुक्या कचऱ्यात. चमकी लावलेली असेल तर तीही सुक्यातच, कारण चमकी म्हणजे प्लास्टिक. म्हणून फुलांवर चमकी लावूच नका, असं मी प्रत्येकाला सांगते.